डेक्कन कॉलेजचे जर्मन प्राध्यापक : फ्रान्त्स कीलहॉर्न

१८६६ ते १८८१ अशी पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्त्स कीलहॉर्न (१८४०-१९०८) जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचे. ऑक्सफर्डला मोनियर-विल्यम्स यांच्या कोशाला हातभार लावून ते पुण्यात आले. लोकमान्य टिळक याच काळात डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले.

कीलहॉर्न यांची खरी ओळख व्याकरणातली. वर्गात प्राध्यापक आणि शास्त्र्यांपुढे विद्यार्थी, अशी त्यांची रीत. अनंतशास्त्री पेंढरकरांसारख्या विद्वानांकडून त्यांनी परंपरेचे पाठ समजून घेतले. नुसत्या पोथ्यांवर हे साधले नसते. नागोजीभट्टाच्या परिभाषेन्दुशेखर या व्याकरणग्रंथाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासक उघडतात. पाणिनीचे दोन नियम एकाच जागी भिडले तर कोणता चालवायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न. पर, नित्य, अंतरंग, अपवाद या नियमप्रकारांच्या उतरंडीत पुढचा मागच्याहून बलवान. भल्याभल्यांना इथे घाम फुटतो.

१८७६ च्या निबंधात त्यांनी वार्त्तिककार कात्यायन आणि महाभाष्यकार पतंजली यांचे पाणिनीशी नाते तपासले. कात्यायन म्हणजे पाणिनीचे शत्रू, हा समज त्यांना मान्य नव्हता. मग त्यांनी संपादित केलेल्या पतंजलीच्या महाभाष्याचे तीन खंड (१८८०-८५) आले. त्यात कात्यायनाची वार्त्तिके, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची टिपणे, क्रमांक देऊन भाष्यातून वेगळी काढली आहेत. शेवटचा खंड निघेपर्यंत ते ग्योटिंगेनला गेले होते.

पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारलेली याच महाभाष्याची आवृत्ती भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली.