दोन दोष, एक बाळ

श्वसन आणि रक्ताभिसरण हे पाठ्यपुस्तकातले दोन स्वतंत्र धडे. आपण ते वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवतो. पण काही बाळे असे जन्मजात दोष घेऊन येतात, की त्यांच्या बाबतीत हे धडे वेगळे ठेवून चालत नाही.

गर्भाच्या पहिल्या दहा आठवड्यांत छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल पूर्ण होते. सुमारे तीन हजारांत एका बाळाच्या श्वासपटलात, बहुधा डाव्या बाजूला, भोक राहते. त्यातून आतडी छातीत शिरतात. जागेअभावी फुप्फुसे लहान राहतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या थोड्या व जाड भिंतीच्या होतात. गर्भात याने अडत नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. फुप्फुसांना टाळून रक्त थेट महारोहिणीत नेणारी एक जोडनळीही तेव्हा उघडी असते. ही नळी जन्मानंतर एरवी दोन-तीन दिवसांत मिटते.

बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एका दिवसाहून लहान बाळाचे असे भोक शिवले. त्याची नोंद १९४६ साली प्रसिद्ध झाली. पुढे कित्येक वर्षे अशा बाळाला तातडीने शस्त्रक्रियेला नेत. पण भोक शिवल्याने फुप्फुस वाढत नाही, हे १९८०च्या दशकात उमजत गेले. आता आधी बाळाला स्थिरावू देतात. श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने हळुवार श्वास देतात. तोंडावर मुखवटा लावून हवा दाबत नाहीत, कारण ती जठरात व आतड्यांत जाऊन फुप्फुसे आणखी चेपली जातील. जठरातली हवा दुसऱ्या नळीने काढतात. टाके त्यानंतर.

अशा दर दहांपैकी साधारण एका बाळाला हृदयाचाही गंभीर दोष असतो. समजा, हृदयाची डावी बाजू खुरटलेली आहे. मग शरीराला रक्त मिळते ते त्या जोडनळीतूनच. म्हणून प्रोस्टाग्लॅन्डिन देऊन ती उघडी ठेवावी लागते. आता प्राणवायू वाढवला तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. फुप्फुसांसाठी हे हवेच असते. पण मग रक्त तिकडेच वळते आणि शरीर उपाशी राहते. एका दोषावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो!

म्हणून आधी ध्वनिलहरींनी हृदय तपासून दोष नेमका ओळखतात. हृदयातले लहानसे छिद्र काही महिने थांबू शकते. बहुधा श्वासपटल आधी आणि हृदय नंतर दुरुस्त करतात. पण प्रत्येक बाळाचा निर्णय वेगळा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांहून अधिक बाळांच्या नोंदींत केवळ श्वासपटलाचा दोष असलेली शंभरांतली सुमारे ७० बाळे वाचली; हृदयदोषही असलेली सुमारे ४१.

वर्गात हृदयाची आकृती काढाल तेव्हा ती जोडनळीही काढा आणि विचारा : ती उघडी राहिली तर रक्त कोणीकडे वाहील? उत्तर एकच : जिकडे दाब कमी, तिकडे. अतिदक्षता विभागातले डॉक्टर हाच प्रश्न तासातासाला सोडवत असतात.