हस्तनिर्मित साबणातील द्रव्ये : क्षारसंस्कारानंतर त्वचेच्या वाट्याला काय येते?

वैद्यांचे दवाखाने आणि आयुर्वेदीय औषधालये येथे आज हस्तनिर्मित साबणाने चांगलेच स्थान मिळविले आहे. वेष्टनावर कडुनिंब, हळद, चंदन, कोरफड, केशर, शेळीचे दूध अशी नावे असतात आणि रुग्ण विश्वासाने विचारतो, "वैद्यराज, माझ्या कातडीला यातला कोणता चालेल?" या प्रश्नाचे उत्तर केवळ द्रव्यांच्या नावांवरून देता येत नाही. द्रव्य कोणते, याइतकेच त्यावर संस्कार कोणता झाला, हेही पाहावे लागते. संस्काराने गुणांतर होते, हा तर आपल्या शास्त्राचाच सिद्धांत आहे. म्हणून या लेखात आम्ही साबणातील प्रमुख द्रव्यांचा त्या दृष्टीने परामर्श घेत आहोत.

स्नेह आणि क्षार

साबण म्हणजे स्नेह व तीक्ष्ण क्षार यांच्या संयोगातून निर्माण झालेले तिसरेच द्रव्य होय. तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की तेलातील मेदाम्लांचा साबण बनतो व ग्लिसरीन मुक्त होते. एक किलो तेलापासून साधारण शंभर ग्रॅम ग्लिसरीन मिळते. मोठ्या कारखान्यांतून ते बहुधा वेगळे काढले जाते. हस्तनिर्मित साबणात ते वडीतच राहते. ग्लिसरीन जलांश धरून ठेवते. या साबणाच्या मृदुतेचे एक खरे कारण हेच आहे.

तथापि उत्तम साबणाचाही सामू ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा असे सांगितले आहे. क्षार प्रथम क्लेद उत्पन्न करतो व मागाहून शोष करतो, तसेच अतिप्रयोगाने केसांना अपाय करतो, असेही तेथे म्हटले आहे. तो विचार सेवनाच्या संदर्भातील असला, तरी अंघोळीनंतर घटकाभराने त्वचा ताणल्यासारखी होते, त्याचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

तेलांची निवड

साबणाचा गुण मुख्यत्वे तेलांवर ठरतो. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल सुमारे निम्मे असते. त्यामुळे फेस भरपूर येतो, मळ चांगला निघतो, पण प्रमाण वाढल्यास रूक्षता येते. तीळ तेलाचा साबण त्वचेला मृदू, परंतु वडी नरम राहते. हा दोष कोकणातील कोकमतेल, म्हणजेच भिरंडेल, दूर करते. त्यातील स्टिअरिक आम्लामुळे वडी कठीण व टिकाऊ होते. एरंडेलाने फेस दाट व स्थिर होतो. करंज तेलातील करंजिनसारखे साबण न बनणारे घटक अल्पांशाने वडीत शिल्लक राहतात.

उदाहरणादाखल खोबरेल ३००, तीळ ३५०, कोकम १५०, एरंडेल १०० व करंज १०० ग्रॅम असे एक किलो तेल घेतल्यास संपूर्ण क्रियेसाठी सुमारे १४८ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो. तो १४० ग्रॅमच घेतला, तर सुमारे पाच टक्के तेल मुक्त राहून त्वचेस स्निग्धता देते. तेलांची प्रत बदलते, म्हणून प्रत्येक खेपेस साबणीकरण अंक तपासून हिशेब करावा. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य समजावे. शीत विधीने केलेल्या वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्याव्यात.

वनस्पतिद्रव्यांचे काय होते?

हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हळदीतील कर्क्युमिनवर क्षाराचा तो परिणाम होय, आणि क्षारात कर्क्युमिन लवकर विघटित होते. म्हणून उटण्यातील हळदीचे गुण साबणातील हळदीला चिकटविणे योग्य नाही. निंबतेलातील ॲझाडिरॅक्टिनही क्षारात टिकत नाही. शेळीच्या दुधातील व मधातील शर्करा सोड्याने तपकिरी होते आणि दुधातील स्निग्धांशाचाही साबणच बनतो. याउलट चंदनतेलातील सँटालॉल बऱ्याच अंशी टिकते. नागरमोथा, मसूर पीठ, मुलतानी माती यांची वस्त्रगाळ चूर्णे घर्षण व मलशोषण यांपुरती उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट काळाची. लेप त्वचेवर सुकेपर्यंत राहतो, अभ्यंगाचे तेल त्याहूनही अधिक वेळ मुरते. साबण मात्र मिनिटभरात धुऊन जातो. जे द्रव्य क्षारातून वाचते, त्यालाही कार्य करण्यास एवढाच अवकाश मिळतो.

सिद्ध तेल केव्हा घालावे?

कल्क एक भाग, स्नेह चार भाग व द्रव सोळा भाग या प्रमाणाने परिश्रमपूर्वक सिद्ध केलेले तेल शीत विधीत आरंभीच घातले, तर इतर तेलांबरोबर त्याचाही साबण होतो. त्यामुळे उष्ण विधी अवलंबावा. सोड्याचा पूर्ण हिशेब मूळ तेलांशी जुळवून पाक पूर्ण होऊ द्यावा, सामू पाहावा आणि मगच सुमारे पाच टक्के सिद्ध तेल मिसळावे. असे तेल बहुतांशी मुक्त स्वरूपात राहते. वड्या थोड्या ओबडधोबड दिसतील, पण औषध वाया जाणार नाही.

हस्तनिर्मित साबणाला बाजारात भवितव्य नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९६९ मध्ये चेन्नईत डॉ. व्ही. पी. सिधन यांनी हाताने बनविण्यास आरंभ केलेला, अठरा वनौषधींचा 'मेडिमिक्स' पुढे देशभर पोहोचला.

रुग्ण आणि वेष्टन

ज्याची त्वचा रूक्ष आहे किंवा ज्याला विचर्चिका आहे, त्याला "हा आयुर्वेदिक आहे, निर्धास्त वापरा" असे सांगणे धोक्याचे आहे. त्याने स्नानापूर्वी तेल लावावे, साबण काखा, जांघा व पावले यांपुरताच ठेवावा आणि विकृत जागी लावू नये. अर्भकांना मसूर वा बेसनाचे पीठ दुधात कालवून पुरते. केसांसाठी रिठा व शिकेकाई आहेतच. त्यांचा फेस क्षारावाचून येतो.

औषधालयचालकांनी हेही ध्यानी ठेवावे की विक्रीसाठी साबणाचे उत्पादन 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०' च्या कक्षेत येते व त्यास परवाना लागतो. वेष्टनावर रोग बरा होण्याचा दावा केला की ते प्रसाधन राहत नाही. कोड बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यानेच निषिद्ध आहे. "त्वचा स्वच्छ करतो, मृदू राखतो" एवढे विधान पुरेसे आहे व ते खरेही आहे.

साबणाचे काम मलहरण हे आहे. ते त्याने त्वचेला कमीत कमी अपाय करून करावे, यातच त्याचे यश. व्याधी हरण करण्याचे काम अभ्यंग, लेप, उद्वर्तन व पोटातील औषध यांचे आहे. साबणाची वडी देताना हा भेद दोन वाक्यांत समजावून सांगितला, तर विक्री कमी होणार नाही आणि रुग्ण योग्य चिकित्सेपासून दूरही राहणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.