रंग द्यावा की गंज थांबवावा?

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात घासूनपुसून ठेवलेला विळा दसऱ्यापर्यंत तांबूस होतो. संग्रहातल्या जुन्या लोखंडी वस्तूंचेही तेच होते. त्यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे वस्तू पॉलिशपेपरने घासून वर रंगाचा हात मारणे. हा उपाय कितपत योग्य आहे? एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आहे ग्रेनेडच्या, म्हणजे हातबॉम्बच्या, रिकाम्या केलेल्या जुन्या कवचाचे.

ग्रेनेड हा शब्दच मुळी डाळिंबावरून आला आहे. विल्यम मिल्स यांचा बॉम्ब १९१५ साली वापरात आला. त्याचे कवच ओतीव लोखंडाचे असून अंगावर चौकटी-चौकटींच्या खाचा असतात. त्याचाच पुढचा प्रकार '३६ एम'. यातील 'एम' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथल्या लढाईत मराठा पलटणीही होत्या. उष्ण व दमट हवेचा परिणाम होऊ नये म्हणून हा बॉम्ब चपड्याने, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेने, जलरोधक केलेला असे. आपल्याकडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर कीटक तयार करतात तीच ही लाख!

आधी एक पथ्य

३६ क्रमांकाचा बॉम्ब भारतीय सेनेने अनेक दशके वापरला. नव्या बनावटीच्या ग्रेनेडची पहिली खेप नागपूर येथे सेनेकडे सोपवली गेली ती २०२१ साली. म्हणून नांगरटीत किंवा भंगारात अशी वस्तू दिसली, तर ती रिकामीच असेल असे समजू नये. जुनी स्फोटके कालांतराने अधिक धोकादायकही होऊ शकतात. हात न लावता मुलांना दूर न्यावे आणि पोलिसांना कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ग्रेनेड हा दारूगोळाच आहे. वस्तू निकामी आहे की नाही हे तज्ज्ञांनी ठरवायचे. शिक्षकांनी किंवा संग्राहकांनी नव्हे. पुढील विवेचन तज्ज्ञांनी निकामी ठरवलेल्या कवचापुरतेच आहे.

रंग ही भाषा असते

या बॉम्बवरील रंग शोभेसाठी नव्हता. मध्यभागी हिरवा पट्टा असेल, तर आत कोणत्या प्रकारचे स्फोटक आहे हे कळे. वरच्या बाजूला लाल फुल्यांची रांग असेल, तर बॉम्ब भरलेला आहे असे समजे. आता रिकाम्या कवचावर हौसेने लाल फुल्या काढल्या तर काय होईल? वस्तू खोटे बोलू लागेल. उलट मूळ रंगाचा नखाएवढा पापुद्रा उरला असेल, तर तोच तिचा दाखला असतो. पॉलिशपेपरने तो कायमचा नाहीसा होतो.

गंजाचे रसायन

लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. पाण्याच्या अतिशय पातळ थरातही लोहाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून विरघळतात आणि ऑक्सिजनशी संयोग पावून गंज बनतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सच्छिद्र असतो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते. पृष्ठभागावर क्षार असतील तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते. परभणीची मे महिन्यातली कोरडी दुपार आणि श्रावणातली ओलसर सकाळ यांतला फरक इथे कळीचा ठरतो. गंजावरच रंग दिला, तर ओल व क्षार आत कोंडले जातात आणि रंगाखाली गंज वाढतच राहतो.

मग संग्रहालयांत काय करतात? सुटा गंज मऊ ब्रशने काढतात, उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात. त्यामुळे गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. त्यावर मेणाचा पातळ थर देतात. हे मेण हवे तेव्हा काढता येते, हा त्याचा मोठा गुण. टॅनिन आपल्याला नवे नाही. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत, ती याच क्रियेने.

वर्गात करून पाहा

सारखे गंजलेले चार खिळे घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यावर गंजासकट तैलरंग द्या. दोन-तीन हिरडे कुटून पेलाभर पाण्यात उकळा, गाळा, आणि तो काढा तिसऱ्या व चौथ्या खिळ्याला लावून वाळू द्या. चौथ्यावर मेण चोळा. जूनच्या सुरुवातीला चारही खिळे व्हरांड्यात ठेवून दर आठवड्याला निरीक्षणे नोंदवा. सप्टेंबरअखेर दुसऱ्या खिळ्याचा रंग नखाने खरवडून पाहा. त्याखाली काय दिसते, हे मुलांनाच सांगू द्या.