माळ्यावरचे स्पीकर टेबलावर
(दापोलीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा घरगुती आहे. कॉम्प्युटरच्या टेबलावर घरातलेच जुने स्पीकर लावून चांगला आवाज कसा मिळवायचा, एवढंच. पण सुरुवात एका भांडणापासून करूया.

आमच्याकडे तालुक्यातलंच एक कुटुंब आलं होतं. त्यांचे आजोबा कीर्तन करायचे. त्यांच्या एका कीर्तनाची कॅसेट घरात होती, ती नातीने लॅपटॉपवर उतरवून घेतली. आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्या कीर्तनाची छोटी पुस्तिका काढायची असं ठरलं, म्हणून सगळे ऐकून लिहायला बसले. आणि एका शब्दावर अडले. आजोबा आपल्या वडिलांची शिकवण सांगतात, ती "पाठ चुकवू नये" अशी की "पाट चुकवू नये" अशी? काका म्हणाले, कीर्तनकार माणूस, रोजचा पाठच म्हणणार. आत्या म्हणाली, अरे, आपली पोफळीची बाग होती, पाटाच्या पाण्याची पाळी चुकवू नये असं ते म्हणत असतील. दोन्ही अर्थ चपखल बसतात. लॅपटॉपवर वीस वेळा लावलं तरी निकाल लागेना. बाहेर पाऊस, वर पत्रा. आवाज वाढवला की लॅपटॉप नुसता चिरकायचा.

आम्ही विचारलं, घरात जुने स्पीकर आहेत का? तर माळ्यावर होते. मुंबईच्या काकांनी फ्लॅट बदलताना गावाला पाठवलेले, अँप्लिफायरसकट. गणपतीनंतर भंगारवाल्याला द्यायचे म्हणून बाजूला काढून ठेवलेले. कोकणात हे घरोघरी आहे. चाकरमान्यांच्या घरातली जुनी चांगली वस्तू शेवटी गावच्या माळ्यावर येते.

लॅपटॉपमध्ये काय हरवतं?

लॅपटॉपचा स्पीकर अंगठ्याएवढा. बऱ्याचदा त्याचं तोंड खाली, म्हणजे आवाज आधी टेबलावर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो. इतक्या छोट्या पडद्याला खालचे सूर हलवता येत नाहीत. काळी एकचा षड्ज धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झचा आहे आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. लॅपटॉपमधून हा ६९ जवळजवळ येतच नाही. तरी आपल्याला खर्ज "ऐकू" येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो. म्हणजे आपण ऐकतो ते निम्मं अंदाजाने. पाच-सहा इंची पडदा असलेल्या घरगुती स्पीकरमधून मात्र तो खर्ज बऱ्यापैकी खराखुरा येतो.

आता बोलण्याचं बघा. स्वरांत जोर असतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. व्यंजनांची ओळख मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्याही वर असते, शिवाय ती स्वरांपेक्षा बरीच क्षीण असते. ट आणि ठ, त आणि थ यांत फरक कसला? मागून येणाऱ्या श्वासाच्या फुंकरीचा. "सात" आणि "साथ" म्हणून बघा, तोंडासमोर हात धरून. ती फुंकर पावसाच्या आवाजात बुडाली, किंवा स्पीकर चिरकून तिच्यावर चढला, की ठ चा ट होतो. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे आपल्याकडे ही हौसेची गोष्ट राहत नाही. ऑनलाइन तास ऐकणाऱ्या पोरांना आणि कान जरा मंदावलेल्या आजी-आजोबांना ती गरजेची आहे.

जोडणी

पहिली गोष्ट. घरगुती स्पीकरला स्वतःची ताकद नसते. आत फक्त पडदे, लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट वायर नेली तर आवाज अगदी कुजबुजल्यासारखा येईल. मध्ये अँप्लिफायर लागतोच.

जुना अँप्लिफायर चालू असेल तर नवीन काही घेऊ नका. ३.५ मिलिमीटरची पिन एका टोकाला आणि लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना दुसऱ्या टोकाला, अशी केबल कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. ती मागे "ऑक्स", "टेप" किंवा "सीडी" लिहिलेल्या जागी लावायची. "फोनो" लिहिलंय तिथे लावू नका. ती जागा तबकडीच्या सुईतून येणाऱ्या अगदी बारीक सिग्नलसाठी असते, तिथे आवाज फाटतो.

अँप्लिफायर गेलेला असेल तर तो स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठलेली राहते. हल्ली तळहाताएवढे क्लास-डी अँप्लिफायर मिळतात, टेबलासाठी ते पुरतात. फक्त एक पथ्य आहे. यातल्या बऱ्याच अँप्लिफायरमध्ये दोन्ही चॅनलच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडलेल्या चालत नाहीत. जुन्या घरात वायर वाचवायला लोक दोन्हीची काळी एकच करतात. इथे तसं केलं तर अँप्लिफायर जळू शकतो. चार टोकं, चार वायरी.

स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम असं लिहिलेलं असतं. अँप्लिफायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जायचं नाही. अक्षरं पुसली असतील तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, त्यात बिघाड काही नाही.

लाल-काळं उलटं झालं तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खातात आणि माणसाचा आवाज मधोमध न येता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. वायरीवरची खूण गेली असेल तर अँप्लिफायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक लाल बाजूला असेल तर बहुतेक स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो.

किती वॉट?

हा प्रश्न हमखास येतो. साधा घरगुती स्पीकर एक वॉटवर, एक मीटर अंतरावर, ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. हा काही हळू आवाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढीच सुरक्षित मर्यादा आहे. आणि टेबलाशी आपण मीटरभरही लांब नसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ओटीवर तीन मीटरवरून ऐकायचं आणि टेबलाशी सत्तर सेंटिमीटरवरून ऐकायचं, यात सुमारे साडेबारा डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे हिशेबाने अठरा पट कमी ताकद. खोलीत भिंतींमुळे फरक इतका राहत नाही, पण मुद्दा समजला ना? तिथे दहा वॉट लागत होते, तिथे इथे एक पुष्कळ.

याचा दुसरा फायदा मोठा आहे. जवळ बसल्यामुळे थेट आवाज जास्त आणि भिंतींवरून फिरून आलेला कमी. जांभ्याच्या भिंतींवर प्लास्टर, खाली फरशी, अशा खोलीत दुरून बोलणं घुमतं. जवळून ते स्वच्छ येतं.

मांडणी: फुकटातली सुधारणा

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिन्हींमध्ये अंतर सारखं ठेवा. सत्तर-ऐंशी सेंटिमीटर चालेल. छोटा पडदा कानाच्या उंचीला यायला हवा. स्पीकर खाली असेल तर पुढून लाकडाची पट्टी सारून तो तुमच्या तोंडाकडे कलता करा.

आता टेबलाचा उपद्रव. स्पीकर आणि कान दोन्ही टेबलापासून वीस सेंटिमीटर वर आहेत आणि मध्ये सत्तर सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. थेट आवाज सत्तर सेंटिमीटर चालतो. टेबलावर आपटून येणारा साधारण साडेऐंशी. फरक साडेदहा. ज्या स्वराची अर्धी लहर एवढी भरते, तो स्वर दोन्ही वाटांनी येऊन स्वतःलाच कापतो. हिशेब करा, तो १६०० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात!

उपाय सोपा. दोघांची उंची सारखी असेल तर आवाज बरोबर मध्यावर आपटतो. स्पीकर भिंतीशी न ठेवता टेबलाच्या तुमच्याकडच्या कडेजवळ आणले, तर हा मध्य टेबलाबाहेर तुमच्या मांडीवर येतो आणि आपटायला टेबलच उरत नाही. खात्री करायला टेबलावर आरसा ठेवून सरकवत न्या. बसल्या जागेवरून आरशात स्पीकरचा छोटा पडदा कुठेच दिसला नाही, की जमलं.

स्पीकर पुढे आणल्याने मागची भिंतही लांब जाते. भिंतीशी, त्यातून कोपऱ्यात, खालचे सूर फुगतात आणि बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं होतं. जागाच नसेल आणि स्पीकरला मागे गोल भोक असेल, तर त्यात मोज्याची गुंडाळी सैल कोंबा. हसू नका, फरक पडतो.

लॅपटॉपचा आवाज बराच वर ठेवा आणि कमी-जास्त अँप्लिफायरच्या बटणाने करा. उलटं केलं तर आवाजाबरोबर खरखरही मोठी होते.

आपल्याकडची खास दुखणी

एक, गुणगुण. चार्जर लावला की हम्म सुरू होतं आणि काढला की थांबतं, असं असेल तर दोष स्पीकरचा नाही. लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावून बघा. तरीही गुणगुण राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी केबलमध्ये बसवा. अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. आपल्या कातळात अर्थिंग मुळातच नीट धरत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दोन, दमट आणि खारी हवा. स्पीकरच्या मागची टोकं हिरवट होतात, ती खोडरबराने घासा. पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती जुनी होऊन भुगा होते. बोटाने हलकेच दाबा, तुकडे पडले तर ती कड बदलून घ्यावी लागेल. रबराची किंवा कापडाची कड जास्त टिकते. पावसाळ्यात स्पीकर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, कागदी पडद्यावर बुरशी धरते. रोज थोडा वेळ वाजवलेले बरे.

तीन, विजा. मे अखेर-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग भिंतीतूनच काढा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. वीज परत येताना झटका देऊ शकते. अशा वेळी आधी दिवा लावून बघा, मशीन नंतर.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: लग्नमंडपातला अँप्लिफायर घरच्या स्पीकरला चालेल का?
उत्तर: त्यावर ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टोकं असतात. ती लांब वायर ओढून ट्रान्सफॉर्मर लावलेल्या भोंग्यांसाठी आहेत, घरचा स्पीकर तिथे लावलात तर जाईल. ४ किंवा ८ ओहम लिहिलेलं टोक वेगळं असेल तर चालेल, पण बटण अगदी खाली ठेवून सुरुवात करा.

प्रश्न: ब्लूटूथने जोडलं तर वायर वाचेल ना?
उत्तर: गाण्याला चालेल. व्हिडिओत मात्र आवाज किंचित उशिरा येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ज्यांना ओठ बघून समजून घ्यायची सवय आहे, त्यांना याचा त्रास होतो. टेबलावर वायरच बरी.

प्रश्न: त्या कीर्तनाचं पुढे काय झालं?
उत्तर: तेच सांगायचं होतं. एका स्पीकरची वायर उलटी होती, ती सरळ केली. दोन्ही टेबलाच्या कडेला आणले, पाऊस उघडायची वाट पाहिली आणि तो तुकडा लावला. "पाट" होता. मागे श्वास नव्हता, शब्द कोरडा तुटला होता. आणि त्याच्या पाठोपाठ, लॅपटॉपवर कधीच न ऐकलेली, मंडपातल्या लोकांची बारीक खसखस ऐकू आली. आजोबांनी पाठ-पाट अशी कोटी केली होती आणि गावाला ती समजली होती. काका हरले, पण सगळ्यात आधी हसले तेच.

आणखी एक शब्द होता, टेप चुरगळलेल्या जागचा. तो या स्पीकरवरही लागला नाही. जे टेपवरच नाही, ते कुठला स्पीकर आणणार? पुस्तिकेत तिथे त्यांनी टिंबं ठेवली आहेत.

तेव्हा मंडळी, स्पीकर भंगारात द्यायच्या आधी एकदा टेबलावर लावून बघा. एक केबल आणि एक संध्याकाळ, एवढाच खर्च.