खुल्या गटातली रोहिणी

महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली बंगलोरला सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं तिचं विजेतेपद एकाच मराठी घरात राहिलं. पहिल्या वर्षी वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढे जयश्री यांनी चार वेळा आणि रोहिणी यांनी पाच वेळा हा मान मिळवला. तिघी सख्ख्या बहिणी. पणजोबा नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, ‘नवाकाळ’चे संस्थापक. वडील नीळकंठ खाडिलकर त्याच पत्राचे संपादक, अग्रलेखांचे बादशहा म्हणून ओळखले जाणारे. मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्या लांज्या-राजापुरातल्या चाकरमान्यांना हे नाव चांगलं ठाऊक होतं. त्या घरच्या मुली पटावर काय करताहेत, याचं कौतुकही होतं. पण कौतुकाच्या भरात खरी गोष्ट मागे पडली, असं मला वाटतं. दहा विजेतेपदं मोजली गेली. महिलांच्या गटाबाहेर या घरातल्या धाकट्या मुलीने काय केलं, त्याची मात्र हवी तशी नोंद झाली नाही.

रोहिणी यांचा जन्म १९६३चा. १९७६ साली केरळात कोट्टायमला त्या पहिल्यांदा राष्ट्रीय विजेत्या झाल्या, तेव्हा वय होतं तेरा. एवढ्या वयात देशातल्या सगळ्या महिलांना मागे टाकल्यावर पुढे कुणाशी खेळायचं? उत्तर सरळ होतं, बलवान खेळाडूंशी. आणि तेव्हा भारतात ते बसत होते पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत. रोहिणी तिथे खेळायला उतरल्या. त्या स्पर्धेत खेळणारी ही पहिलीच स्त्री.

त्यावरून मोठं वादळ उठलं. मुलीला या स्पर्धेत बसू द्यायचं की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल रोहिणी यांच्या बाजूने लागला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष होते हॉलंडचे माक्स यूव्हे, १९३५ ते १९३७ या काळातले जगज्जेते आणि पेशाने गणिताचे शिक्षक. राष्ट्रीय काय किंवा आंतरराष्ट्रीय काय, केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

यूव्हे यांना या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नव्हती. पहिली महिला जगज्जेती व्हेरा मेनचिक १९२७ साली लंडनला विजेती ठरली आणि त्यानंतर ती पुरुषांच्या स्पर्धांत नेमाने खेळत राहिली. हेस्टिंग्जच्या स्पर्धांत तिने खुद्द यूव्हे यांना दोनदा हरवलं होतं. मेनचिक कार्ल्सबादला १९२९ साली उतरली, तेव्हा तिच्याकडून हरणाऱ्यांचा एक क्लब काढावा, अशी थट्टा कुणी तरी केली आणि लवकरच त्या क्लबात चांगली चांगली माणसं भरती झाली. १९३४ साली स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी ती तिसरी आली. तिच्या पुढे होते लायोश श्टायनर आणि त्याच मुलखातला वास्या पिर्त्स, ज्याच्या नावाचा बचाव काळ्या मोहऱ्यांनी आजही खेळला जातो. आक्रमक खेळासाठी नावाजलेला श्पीलमान तिच्या मागे राहिला. हे सगळं जगासमोर घडून गेल्यावर चाळीस वर्षांनी मुंबईतल्या एका शाळकरी मुलीला पटावर बसण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, याचा मला आजही राग येतो. आणि हा दोष एकट्या आपला नव्हता. रोहिणी यांच्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ साली, हंगेरीच्या झुझा पोल्गारलाही पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांच्या साखळीचं दार असंच बंद झालं होतं.

कोर्टाने प्रवेश दिला, गुण कुणी देत नाही. ते रोहिणी यांनी पटावर मिळवले. गुजरातचे गौरांग मेहता आणि केरळचे अब्दुल जब्बार अशा खेळाडूंवर त्यांनी डाव जिंकले. विजेतेपद मिळालं नाही, तेराव्या वर्षी मिळणारही नव्हतं. पण या खेळात बरोबरीच्याशी किंवा कमी बळाच्या खेळाडूशी खेळून माणूस फार पुढे जात नाही. समोरचा बलवान असेल, तर तुमचं चुकलेलं एक प्यादं तो पन्नास चालींपर्यंत लक्षात ठेवतो आणि डावाच्या अखेरीस, हत्ती-प्याद्यांच्या किचकट मोजणीत, त्याची किंमत वसूल करतो. ही शिकवणी पैसे देऊन मिळत नाही.

१९८१ साली हैदराबादला झालेली आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा मी या संदर्भात वाचतो. बारापैकी साडेअकरा गुण! अकरा डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला, हार नाही. विजेती आणि बाकीच्या यांच्यात एवढं अंतर क्वचितच दिसतं. रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला. हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणजे थोरल्या भगिनी जयश्री, १९७९ साली. १९८३ साली क्वालालंपूरला रोहिणी यांनी आशियाई अजिंक्यपद पुन्हा जिंकलं. ब्युनॉस आयर्स, व्हॅलेटा, लुझर्न, थेसालोनिकी इथल्या ऑलिंपियाडमध्ये त्या भारताकडून खेळल्या. १९८० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. १९९३ साली त्यांनी स्पर्धात्मक खेळ थांबवला आणि १९९८ साली त्या ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या.

खाडिलकर भगिनींच्या पाठोपाठ भाग्यश्री साठे, लग्नानंतरच्या ठिपसे, आल्या. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, १९८७ साली पद्मश्री, १९९१ साली आशियाई अजिंक्यपद. त्यांच्या कारकिर्दीवर खरं तर वेगळा लेख हवा.

रोहिणी यांच्या वाटचालीतला धडा आमच्या गावाकडेही लागू आहे. आमच्याकडे शालेय बुद्धिबळ स्पर्धा होतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. मुलींचा स्वतंत्र गट हवाच. तो नसता, तर कितीतरी पालकांनी मुलींना पाठवलंच नसतं, आणि खाडिलकर भगिनींचीही सुरुवात महिलांच्याच स्पर्धेतून झाली. पण लांज्यासारख्या तालुक्यात मुलींच्या गटात नावं थोडी येतात, दोन-तीन फेऱ्यांत निकाल लागतो आणि जिंकलेली मुलगी ढाल घेऊन घरी जाते. तिला पुढचे कठीण डाव कुठे मिळायचे? रत्नागिरी, चिपळूण, कोल्हापूर, सांगली, जिथे खुली स्पर्धा असेल तिथे तिला न्यायला हवं, आणि पहिल्या दोन वर्षांत ती खालच्या क्रमांकावर आली तरी न्यायला हवं. एसटीचा प्रवास, मुक्काम, प्रवेश फी हा खर्च लहान घराला जड जातो, म्हणून गावाने त्याचा वाटा उचलावा. ढालींवर होणाऱ्या खर्चात हे सहज बसेल.

मुलींनी खुल्या गटात खेळण्याचा हा प्रश्न नागपूरच्या दिव्या देशमुखने आता वेगळ्या उंचीवर नेला आहे. जुलै २०२५मध्ये जॉर्जियात बाटुमीला तिने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. हे यश महिलांच्या स्पर्धेतलं, त्यामुळे पुढेही तिथेच खेळत राहणं सोयीचं होतं. पण सप्टेंबरमध्ये समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा भरली, तेव्हा त्याच ठिकाणी महिलांची वेगळी स्पर्धा सुरू असताना दिव्याने खुला गट निवडला. तिथे जगज्जेत्या गुकेशशी तिचा डाव बरोबरीत सुटला. त्या पटावर बसण्यासाठी तिच्या घरच्या कुणालाही उच्च न्यायालयात जावं लागलं नाही.