युरोप : जलमार्गे की भूमार्गे?

युरोपचा बेत ठरला की घरात दोन पक्ष पडतात. क्रूझची सोय उघड आहे : सामान एकदाच उघडावयाचे, रात्री जहाज चालते, सकाळी नवे बंदर समोर येते. गुडघेदुखीने त्रासलेल्या आई-वडिलांसाठी हे सुख मोठेच.

परंतु बंदर म्हणजे शहर नव्हे. रोमसाठी जहाज चिवितावेक्किया येथे लागते आणि रोम तेथून सुमारे ७० किलोमीटर दूर. जहाज सुटण्याआधी परतावयाचे असल्याने व्हॅटिकन व कलोसियम एकाच दिवसात निवांत पाहणे कठीण. किनाऱ्यावरील सहली आणि बक्षिसी बहुधा तिकिटात धरलेली नसते; म्हणून तुलना तिकिटाची नव्हे, एकूण खर्चाची करावी. मार्गात ब्रिटन वा तुर्कस्तान येऊन जहाज पुन्हा शेंगेन देशांत परतणार असेल, तर व्हिसा बहुप्रवेशाचा हवा.

आहाराचे काय? कंदमुळे वर्ज्य असल्याचे जहाज कंपनीला आगाऊ लेखी कळवावे. आपल्याकडील काही सहल कंपन्या भूमार्गाच्या सहलीत स्वतःचे आचारी नेतात. चौविहार पाळणाऱ्यांना जून सोयीचा. तेव्हा पॅरिसमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये मात्र सायंकाळी पाचच्या आतच.

आल्प्सची ओढ असेल, तर भूमार्गच योग्य. वडीलधाऱ्यांच्या सहवासात विसावा हवा असेल, तर क्रूझ उत्तम. निर्णय मात्र घरातील सर्वांत थकलेल्या पावलांना विचारून घ्यावा.