लोकनियुक्त सरकार, लष्कर आणि वृत्तपत्रे

लोकांनी निवडून दिलेल्या सरकारवर लष्कराचा व वृत्तपत्रांचा प्रभाव असावा काय, हा विषय वक्तृत्व स्पर्धेत विद्यार्थ्यांना अनेकदा दिला जातो. उत्तरे बहुधा पाकिस्तान आणि ब्रह्मदेशाच्या उदाहरणांवर संपतात. आम्हांस वाटते, इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्याने या दोन्ही शक्तींचा अनुभव घेतलेला आहे.

प्रथम लष्कराचा विचार करू. त्या काळी जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमातून प्रजा सुटली. त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर झाले व वर्षाहून अधिक काळ कारभार त्यांच्या हाती राहिला. जानेवारी १९५० मध्ये वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले.

लष्कराने सत्ता परत दिली, कारण त्याला हुकूम देणारे नागरी सरकार दिल्लीत होते. पाकिस्तानात १९५८ साली जनरल अयूब खान यांना अडविणारे कोणी उरले नाही. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलीस कारवाईनंतर संस्थानाच्या काही जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने चौकशी करून अहवाल दिला; तो कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. तेव्हा हैदराबादेत जाब विचारणारे निवडून आलेले सभागृहच नव्हते.

म्हणूनच घटनेची रचना ध्यानात घ्यावी. कलम ५३ अन्वये सैन्याचे सरसेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. आम्ही बँकेत काम करतो. दारावरच्या बंदूकधारी रखवालदाराशिवाय बँक चालत नाही. पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते आणि कर्ज कोणास द्यावे हेही तो ठरवीत नाही. कोणती खिडकी कच्ची आहे, हे मात्र त्याने सांगितलेच पाहिजे. सेनापतीचा सल्ला असा असावा.

आता वृत्तपत्रे. त्यांच्या हाती बंदूक नसते, म्हणून त्यांचा प्रभाव निरुपद्रवी वाटतो. बाबासाहेबांना त्यांचे बळ ठाऊक होते. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. तरीही त्यांनी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी मागितली नाही. स्वतःची वृत्तपत्रे काढली. डिसेंबर १९४८ मध्ये, जालना लष्करी अंमलाखाली असताना, त्यांनी घटना समितीत सांगितले की वृत्तपत्राला नागरिकाहून निराळे असे खास हक्क नाहीत. संपादकाचे भाषणस्वातंत्र्य तुमच्या-आमच्याइतकेच आहे. कमीही नाही, जास्तही नाही.

या तत्त्वाची परीक्षा आपल्याच भूमीत झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाने नामांतराविरुद्ध भूमिका घेतली. तसे लिहिण्याचा त्यास हक्क होता. पण त्याच दिवसांत गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि शासनाने ठरावाची अंमलबजावणी रोखली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सभागृहाच्या शब्दाला किंमत येण्यास साडेपंधरा वर्षे लागली.

येथे दोष कोणता, हे नीट समजून घ्यावे. अग्रलेखाने सरकारचे मत बदलले तर त्यात गैर नाही. तसे असेल तर सरकारने सभागृहात उभे राहून कारणे द्यावीत व नवा ठराव मांडावा. ठराव कायम ठेवायचा आणि जाळपोळीपुढे अंमलबजावणी थांबवायची, हे दडपणाला शरण जाणे होय. दडपण गणवेशातील माणसाचे असो, जमावाचे असो, की आजच्या दूरदर्शन वाहिन्यांचे असो, त्याची जात एकच.

आमच्या मते कसोटी सोपी आहे. जो प्रभाव युक्तिवादाने पडतो व ज्याला उघड उत्तर देता येते, तो लोकशाहीस पोषक. जो भीतीने पडतो तो घातक. सेनापती आणि संपादक यांना आपण मते देत नाही, म्हणून त्यांना निवडणुकीत पाडताही येत नाही. आमदार-खासदारांना पाडता येते. निर्णय त्यांचाच असावा, याचे कारण हेच आहे.

विद्यार्थ्यांनी एकाच बातमीसाठी दोन वृत्तपत्रे वाचावीत, न पटलेल्या अग्रलेखास पत्राने उत्तर द्यावे, आणि आपल्या भागाचा आमदार भेटला तर सभागृहात काय बोललात, हे त्यास अवश्य विचारावे. विचारणारा मतदार मागे असेल, तरच सरकारला दडपणापुढे उभे राहण्याचे बळ येईल.